गृहयंत्रणा, बहुभाषिक : कोल्हापूर परिसर

गृहयंत्रणा, बहुभाषिक : घरातील दिवे, पंखे, वातानुकूलक, पाण्याचा पंप, दरवाजाची घंटा इ. उपकरणे एकमेकांशी व आंतरजालाशी जोडून त्यांना दुरून, ठरावीक वेळी अथवा तोंडी आज्ञेने चालविण्याची योजना म्हणजे गृहयंत्रणा होय. ‘स्मार्ट होम’ या नावाने ती प्रचारात आहे. माणूस आणि अशी यंत्रणा यांच्या मधल्या दृश्य वा श्राव्य भागाला या नोंदीत संवादपट असे म्हटले आहे. हा संवादपट एकाच वेळी दोन वा अधिक भाषांतून वापरता येत असेल, तर ती गृहयंत्रणा बहुभाषिक ठरते.

बहुभाषिक संवादपटाचा विचार सामान्यतः तंत्रविद्येचा विषय म्हणून केला जातो. तथापि कोणत्या भाषेत आज्ञा द्यायची, ती कोणी द्यायची आणि ज्याला ती भाषा येत नाही त्याने काय करायचे, हे प्रश्न यंत्रांच्या आधीपासूनचे आहेत. कोल्हापूर परिसरात त्यांना दीर्घ इतिहास आहे. पंचगंगा, दूधगंगा, हिरण्यकेशी यांच्या खोऱ्यांतील हा प्रदेश मराठी व कन्नड या भाषांच्या सीमेवर वसलेला असून दख्खनी उर्दू आणि हिंदी याही येथे नित्याच्या कानावर असतात. इचलकरंजीसारख्या वस्त्रोद्योगाच्या शहरात तेलुगू व मारवाडी बोलणारी कुटुंबेही स्थायिक झाली आहेत. एका घरात आजी कन्नड, सून मराठी आणि नातवंडे शाळेतील इंग्रजी बोलतात, असे दृश्य गडहिंग्लज वा शिरोळ तालुक्यांत दुर्मिळ नाही.

पूर्वपीठिका : कोल्हापूरच्या शिलाहारांचे कोरीव लेख मुख्यतः संस्कृत व कन्नड या भाषांत आढळतात. शिरोळ तालुक्यातील खिद्रापूर येथील कोपेश्वर मंदिरात कन्नड लेखांबरोबरच तेराव्या शतकाच्या आरंभीचा, यादव राजा सिंघण याचा देवनागरी लिपीतील संस्कृत लेखही आहे. एकाच वास्तूत दोन भाषा व दोन लिपी शेजारी नांदल्या, याचे कारण लेख वाचणारा वर्ग एक नव्हता. दानाची घोषणा विद्वानांना कळावी तशीच ती त्या भूमीत राहणाऱ्यांनाही कळावी, हा हेतू त्यामागे दिसतो.

आदिलशाहीत राजभाषा फार्सी होती. पहिल्या इब्राहिम आदिलशहाने (कार. १५३४–५८) मुलकी हिशेब देशी भाषेत ठेवण्याची पद्धत सुरू केली आणि दक्षिणेतील हिशेबनिसांना त्यामुळे दरबारी व्यवहारात महत्त्व आले. या काळातील अनेक कागद द्विभाषिक आहेत : वरच्या भागात फार्सी मजकूर व खाली मोडी लिपीतील मराठी मजकूर. फार्सी भाग हुकमाला अधिकार देई, तर मराठी भाग तो हुकूम अंमलात आणणाऱ्याला समजे. अधिकाराची भाषा आणि अंमलाची भाषा यांतील हा भेद पुढील विवेचनाच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे.

छत्रपती शिवाजी महाराजांच्या आज्ञेने तयार झालेल्या राज्यव्यवहारकोशात दरबारी व्यवहारातील फार्सी–अरबी शब्दांना संस्कृत पर्याय दिले आहेत. त्याची मांडणी दहा वर्गांत केलेली असून शस्त्रे, दुर्ग, लेखन, पण्य अशा विषयांनुसार शब्द एकत्र आणले आहेत. कोशातील सगळेच पर्याय रूढ झाले नाहीत. किल्लेदार, फडणीस, जमाखर्च हे शब्द लोकांच्या तोंडी तसेच राहिले. नवा शब्द घडविणे राजाज्ञेने साधते, पण तो बोलला जाणे हे बोलणाऱ्यांवर अवलंबून असते, हा अनुभव या कोशाने सतराव्या शतकातच नोंदवून ठेवला आहे.

मध्यस्थाचा प्रश्न : वारणेच्या तहाने (१७३१) कोल्हापूरचे राज्य साताऱ्यापासून स्वतंत्र म्हणून मान्य झाले. या संस्थानचा कारभार मोडी मराठीत चाले, तर एकोणिसाव्या शतकात ब्रिटिश अधिकाऱ्यांशी होणारा पत्रव्यवहार इंग्रजीत होऊ लागला. मोडी दप्तराचा मोठा साठा कोल्हापूरच्या पुरालेखागारात जतन केलेला आहे. मोडी ही वेगाने लिहिण्याची लिपी असून ती वाचण्यास सराव लागतो. त्यामुळे सारा किती भरला, जमीन कोणाच्या नावे चढली, कर्ज किती फिटले, हे समजण्यासाठी बहुसंख्य रयतेला लिहितावाचता येणाऱ्या माणसाकडे जावे लागे. गावपातळीवर हा माणूस म्हणजे वतनदार कुलकर्णी. दप्तर त्याच्या हाती असल्याने तो केवळ लेखनिक न राहता अधिकाराचे एक केंद्रच बनला.

राजर्षी शाहू महाराजांनी १९१७ साली सक्तीच्या व मोफत प्राथमिक शिक्षणाचा निर्णय जाहीर केला आणि १९१८ साली कुलकर्णी वतने खालसा करून त्यांच्या जागी पगारी तलाठी नेमले. हे दोन निर्णय एकत्र पाहिले असता त्यांतील संगती ध्यानात येते. पहिल्याने रयतेला स्वतः वाचता यावे अशी व्यवस्था केली. दुसऱ्याने वाचून दाखविणाऱ्याचा वंशपरंपरागत हक्क संपविला. भाषा व लिपी यांमुळे निर्माण होणारी मध्यस्थाची सत्ता दोन्ही बाजूंनी कमी करण्याचा हा प्रयत्न होता.

१ मार्च १९४९ रोजी कोल्हापूर संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले. १ नोव्हेंबर १९५६ रोजीच्या राज्यपुनर्रचनेने बेळगाव जिल्हा म्हैसूर राज्यात गेला आणि कोल्हापूर परिसरातील मराठी–कन्नड सीमेला राज्यसीमेचे स्वरूप आले. महाराष्ट्र राज्याच्या स्थापनेनंतर (१९६०) भाषा संचालनालयाने पदनामे व शासनव्यवहार यांचे कोश तयार केले, तर महाराष्ट्र राजभाषा अधिनियम, १९६४ याने मराठीला राजभाषेचे स्थान दिले. कार्यालयाची भाषा अशा रीतीने ठरली. घरातील यंत्रांची भाषा ठरविण्याचा प्रश्न मात्र तेव्हा उद्भवला नव्हता, कारण त्या यंत्रांना भाषाच नव्हती.

निर्भाष साधने : विजेचे बटण हे घरातील पहिले विद्युत् नियंत्रण होय. त्यावर सहसा काहीही लिहिलेले नसते. फळीवरील पहिले बटण सोप्यातील दिव्याचे, दुसरे पंख्याचे, हे घरातील माणसे जागेवरून ओळखतात. निरक्षर वृद्ध, लहान मूल, परगावचा पाहुणा, धुणेभांडी करणारी बाई अशा सर्वांना ते सारखेच वापरता येते. या दृष्टीने भिंतीवरील बटण हे घरातील सर्वांत समान नियंत्रण म्हणता येईल.

दूरनियंत्रणाचे आरंभीचे प्रकारही जवळजवळ निर्भाषच होते. स्कॉटलंडमधील ग्लेनरॉथेस येथील पिको इलेक्ट्रॉनिक्स या कंपनीने १९७५ साली एक्स-१० ही पद्धती विकसित केली. घरातील विजेच्या तारांमधूनच संकेत पाठवून उपकरणे चालू–बंद करण्याची तीत सोय होती. प्रत्येक उपकरणाला रोमन वर्णमालेतील १६ अक्षरांपैकी एक अक्षर आणि १ ते १६ पैकी एक अंक असा पत्ता दिला जाई. त्यामुळे एकूण २५६ पत्ते उपलब्ध होत. दिव्याला नाव नव्हते, केवळ क्रमांक होता.

महाराष्ट्रात याला समांतर असे उदाहरण घराऐवजी शेतात घडले. शेतीपंपांना वीज अनेकदा रात्री व पाळीपाळीने मिळते. पंप सुरू करण्यासाठी शेतकऱ्याला अंधारात विहिरीपर्यंत किंवा नदीकाठापर्यंत जावे लागे. पुण्यात विकसित झालेल्या ‘नॅनो गणेश’ या साधनाने मोबाईलवरून ठरावीक अंक दाबून पंप सुरू वा बंद करणे शक्य झाले. वीज आहे की नाही, पंप चालू झाला की नाही, हे शेतकऱ्याला फोनवर ऐकू येणाऱ्या ध्वनिसंकेतांवरून कळे. उसाच्या पट्ट्यात अशा साधनांची उपयुक्तता उघड आहे. येथेही अंक व ध्वनी यांनीच काम भागले. वाक्याची गरज पडली नाही.

भाषा शिरली ती उपकरणांची कामे वाढल्यावर. कपडे धुण्याचे यंत्र, दूरचित्रवाणीचा रिमोट, सूक्ष्मतरंग भट्टी यांच्या फलकांवर इंग्रजी शब्द आले. घरातील काही माणसांना ते वाचता येत नसल्याने त्यांनी बटणाचा रंग वा जागा लक्षात ठेवून काम चालविले. बँकांच्या पैसे देणाऱ्या यंत्रांनी वेगळा मार्ग काढला. भारतातील असे पहिले यंत्र १९८७ साली मुंबईत बसविले गेले. पुढे ही यंत्रे पसरली तेव्हा पडद्यावर आरंभीच भाषा निवडण्याची सोय रूढ झाली. सामान्य माणसाला यंत्राने ‘कोणती भाषा?’ असे विचारण्याचा हा आरंभीचा प्रसंग होय. दूरध्वनीवरील स्वयंचलित सेवांमध्येही विशिष्ट अंक दाबून मराठी निवडण्याची पद्धत पुढे सर्वपरिचित झाली.

मराठीचा यंत्रप्रवेश : पडद्यावर मराठी उमटण्यासाठी तिच्या अक्षरांना संगणकीय क्रमांक मिळणे आवश्यक होते. कानपूर येथील भारतीय तंत्रविज्ञान संस्थेत १९७० नंतरच्या दशकात देवनागरीसह भारतीय लिप्यांवर संशोधन सुरू झाले. १९८८ साली पुण्यात प्रगत संगणन विकास केंद्र (सी-डॅक) स्थापन झाल्यावर तेथे ‘जिस्ट’ या नावाने ते कार्य पुढे चालले. सामान्य संगणकात बसविता येणाऱ्या जिस्ट कार्डामुळे छापखाने व कार्यालये यांत मराठीचा वापर सुलभ झाला. १९९१ साली भारतीय मानक संस्थेने भारतीय लिप्यांसाठी ‘इस्की’ ही संकेतप्रणाली मानक म्हणून प्रसिद्ध केली.

याच प्रयत्नांतून १९८६ साली निश्चित झालेल्या ‘इनस्क्रिप्ट’ कळफलकाचे तत्त्व सीमाप्रदेशाच्या दृष्टीने विशेष उल्लेखनीय आहे. ब्राह्मीपासून निघालेल्या भारतीय लिप्यांची वर्णव्यवस्था मूलतः एकच असल्याने एका ध्वनीला सर्व लिप्यांत एकच कळ दिली गेली. देवनागरीतील ‘क’ ज्या कळेवर आहे त्याच कळेवर कन्नड ‘क’ही आहे. स्वर डाव्या हाताला व व्यंजने उजव्या हाताला, अशी सर्वसाधारण मांडणी असते. मराठी टंकलेखन शिकलेल्या व्यक्तीला त्याच सवयीने कन्नड मजकूर लिहिता येतो. बदलते ती केवळ पडद्यावरील लिपी. बहुभाषिक संवादपटाचे हे एक निर्दोष उदाहरण म्हणता येईल.

१९९१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘युनिकोड’ या जागतिक संकेतप्रणालीत देवनागरी व कन्नड यांना प्रत्येकी १२८ स्थानांचे स्वतंत्र गट मिळाले. मराठीच्या काही गरजा मात्र उशिरा पूर्ण झाल्या. इंग्रजीतून आलेल्या ‘ॲप’, ‘ॲसिड’ यांसारख्या शब्दांतील ‘ॲ’ या अक्षराला स्वतंत्र क्रमांक २००८ साली मिळाला. तोपर्यंत हिंदी वळणाचे ‘ऍ’ वापरून काम भागविले जाई. महाराष्ट्र शासनाने २००९ साली मराठी वर्णमालेविषयी निर्णय काढून संगणकीय लेखनासाठी प्रमाण रूपे निश्चित केली. मोबाईलच्या अँड्रॉइड प्रणालीच्या पाचव्या आवृत्तीत (२०१४) मराठी व कन्नड या दोन्ही भाषांचा एकाच वेळी समावेश झाला. घरातील उपकरणे मोबाईलवरून चालविली जात असल्याने गृहयंत्रणेच्या दृष्टीने हा महत्त्वाचा टप्पा होय.

तोंडी आज्ञा : पडद्यावरील भाषा वाचावी लागते; तोंडी आज्ञेला अक्षरओळखीचीही गरज नसते. म्हणूनच वाणी ओळखणाऱ्या यंत्रणांकडून मोठी अपेक्षा होती. मराठीत या दिशेने झालेला एक उल्लेखनीय प्रयत्न शेतीशी निगडित होता. केंद्र शासनाच्या साहाय्याने सहा भारतीय भाषांत हाती घेतलेल्या एका प्रकल्पात शेतमालाचे बाजारभाव दूरध्वनीवर तोंडी विचारता यावेत अशी योजना होती. मराठीचे काम मुंबईतील भारतीय तंत्रविज्ञान संस्था व टाटा मूलभूत संशोधन संस्था यांनी केले. त्यासाठी राज्यातील निरनिराळ्या जिल्ह्यांतील शेतकऱ्यांचे आवाज साध्या मोबाईलवरून ध्वनिमुद्रित करण्यात आले. प्रमाण मराठीऐवजी प्रत्यक्ष बोलली जाणारी मराठी यंत्राला ऐकवावी लागते, ही जाणीव या कामात होती.

घरगुती वापराची बोलकी उपकरणे परदेशातून आली. ॲमेझॉन कंपनीचे ‘एको’ अमेरिकेत २०१४ साली व भारतात २०१७ साली, तर गूगल कंपनीचे ‘होम’ अमेरिकेत २०१६ व भारतात २०१८ साली विक्रीस आले. भारतात त्यांचा आरंभ इंग्रजीने झाला. गूगलच्या मोबाईलवरील साहाय्यकात २०१८ साली मराठीची भर पडली. ॲमेझॉनच्या ‘अलेक्सा’ला २०१९ साली हिंदी अवगत झाली आणि त्याच वर्षी एकाच उपकरणाशी हिंदी व इंग्रजी अशा दोन्ही भाषांत बोलण्याची सोय झाली, मराठी तीत नव्हती. परिणामी मराठी घरातील दिव्याला आज्ञा हिंदीत किंवा इंग्रजीत देण्याचा प्रघात आरंभीच पडला. फार्सी हुकमाच्या काळातील अधिकाराची भाषा व अंमलाची भाषा यांतील अंतर येथे वेगळ्या रूपात पुन्हा दिसते.

केंद्र शासनाने २०२२ साली ‘भाषिणी’ हा उपक्रम सुरू करून भारतीय भाषांतील वाणी व भाषांतर यांच्या साधनांना चालना दिली. गूगलच्या ‘जेमिनी’ या संभाषणक्षम यंत्रणेत २०२४ साली मराठी, कन्नड व उर्दू यांसह नऊ भारतीय भाषा आल्या. मुक्त स्वरूपाच्या ‘होम असिस्टंट’ या प्रणालीने (स्थापना २०१३) २०२३ हे वर्ष वाणीसाठी राखून, वापरणाऱ्यांनी आपापल्या भाषेतील आज्ञावाक्यांचे साचे स्वतः तयार करावेत अशी पद्धत अवलंबिली. भाषा पुरविण्याचे काम कंपनीकडून भाषिकांकडे आणणारी ही पद्धत छोट्या भाषासमूहांना विशेष उपकारक आहे.

संवादपटाची रचना : बहुभाषिक यंत्रणा बसविताना चार गोष्टी वेगवेगळ्या ठरवाव्या लागतात : पडद्यावरील मजकुराची भाषा, आज्ञा ऐकण्याची भाषा, उत्तर देण्याची भाषा आणि उपकरणांची व खोल्यांची नावे. यांपैकी पहिल्या तिन्ही यंत्रात निवडण्याच्या बाबी आहेत. चौथी घरातील माणसांनी ठरवावयाची असते व बहुतेक अडचणी तेथेच उद्भवतात. दिव्याचे नाव रोमन लिपीत लिहिले आणि मराठीत बोललेली आज्ञा यंत्राने देवनागरीत उतरवून घेतली, तर दोन्ही रूपे जुळत नाहीत आणि असे कोणतेही उपकरण नसल्याचे उत्तर मिळते. काही प्रणालींत एका उपकरणाला अनेक पर्यायी नावे देता येतात. ‘सोपा’, ‘हॉल’, ‘पुढची खोली’ ही तिन्ही नावे एकाच दिव्याला जोडली, तर घरातील प्रत्येकाला आपला शब्द वापरता येतो.

यंत्राच्या अंतर्भागात मात्र भाषा नसतेच. निरनिराळ्या कंपन्यांच्या उपकरणांत मेळ असावा म्हणून २०२२ साली ‘मॅटर’ हे समान मानक प्रसिद्ध झाले. त्यात चालू–बंद करणे, प्रकाश कमीजास्त करणे, तापमान ठरविणे या प्रत्येक क्रियेला क्रमांक दिलेला आहे. ‘दिवा लाव’ ही मराठी आज्ञा, ‘दीप हच्चु’ ही कन्नड आज्ञा आणि तिचे इंग्रजी रूप ही तिन्ही दिव्यापर्यंत पोहोचताना एकाच क्रमांकात परिवर्तित होतात. म्हणजे एखाद्या भाषेला वगळण्याचे कारण दिव्यात नसते. ते दिवा व माणूस यांच्या मधल्या थरात असते.

मराठीची वैशिष्ट्ये : इंग्रजी साच्यात शब्द भरून मराठी संवादपट सिद्ध होत नाही. मराठीत नामाला विभक्तिप्रत्यय लागताना त्याचे सामान्यरूप होते. ‘दिवाणखाना’ हे नाव नोंदविलेले असले, तरी आज्ञेत ‘दिवाणखान्यातला’ असे रूप येते. ‘माडी’चे ‘माडीवरचा’ व ‘परडे’ याचे ‘परड्यातला’ होते. ही रूपे ओळखता न आल्यास यंत्राला खोली सापडत नाही. क्रियापद लिंगानुसार बदलते : दिवा लागला, बत्ती लागली, यंत्र लागले. उपकरणाचे लिंग यंत्राला ठाऊक नसल्याने भाषांतरकार अशा जागी ‘चालू आहे’ व ‘बंद आहे’ या रचना योजतात. ‘चालू’ आणि ‘बंद’ ही दोन्ही विशेषणे लिंगानुसार बदलत नाहीत, हा त्यांचा मोठा लाभ आहे.

संख्यावाचकांतही अडचण आहे. मराठीत शंभरपर्यंतच्या बहुतेक संख्यांना स्वतंत्र रूप असून ‘एकोणतीस’सारख्या शब्दात पुढच्या दशकातून एक वजा केलेला असतो. ‘दीड तासाने गीझर बंद कर’, ‘पावणेसहाला पंप सोड’, ‘अडीच तासांनी आठवण दे’ या आज्ञांतील दीड, पाव, पाऊण, अडीच ही अपूर्णांकांची नावे रोजच्या बोलण्यातली आहेत. ‘परवा’ हा शब्द मागील व पुढील अशा दोन्ही दिवसांना लागतो आणि त्याचा अर्थ क्रियापदाच्या काळावरून ठरतो. शिवाय ‘लाव’, ‘लावा’, ‘लावावा’ यांत आदराच्या पायऱ्या आहेत. यंत्राने घरातील आजोबांना ‘तू’ म्हटल्यास ते खटकते, तर चार वर्षांच्या मुलाला ‘आपण’ म्हटल्यास ते हास्यास्पद होते.

काही शब्द परंपरेने टाळले जातात. दिवा ‘विझवला’ असे म्हणणे अशुभ मानून ‘मालवला’, ‘शांत केला’ किंवा ‘वाढवला’ असे म्हटले जाई. प्रकाश वाढविण्याची आज्ञा म्हणून ‘वाढव’ हा शब्द नोंदविलेल्या यंत्राला, जुन्या वळणाच्या आजीने दिवा मालविण्यासाठी म्हटलेले ‘दिवा वाढव’ नेमके उलट समजेल. शब्दकोशात दोन्ही अर्थ असतात; यंत्रात कोणता घ्यावयाचा हे कोणाला तरी ठरवावे लागते.

बोली व मिश्र व्यवहार : कोल्हापूरच्या बोलीत ‘करत आहे’ऐवजी ‘करालोय’ यांसारखी रूपे आढळतात. ग्रामीण भागातील स्त्रिया ‘मी येतो’, ‘मी जातो’ अशी रूपे सहज वापरतात. बोलणाऱ्याच्या क्रियापदावरून स्त्री वा पुरुष असा निष्कर्ष काढणारी यंत्रणा येथे फसण्याचा संभव असतो. पुणे–मुंबईच्या आवाजांवर मुख्यतः शिकविलेल्या यंत्राला हे बोलणे अपरिचित वाटते आणि ज्याचे बोलणे समजले नाही, तो आपलेच उच्चार चुकीचे आहेत असे मानू लागतो.

मिश्र व्यवहारात एक सोयही दडलेली आहे. ‘लाईट’ हा शब्द परिसरातील सर्व भाषांत रुळला आहे. मराठी बोलणारा ‘लाईट लाव’ म्हणतो, कन्नड बोलणारा ‘लाईट हाकु’ आणि दख्खनी बोलणारा ‘लाईट लगाव’. नाम एकच राहते, क्रियापद बदलते. त्यामुळे अशा घरात उपकरणांची नावे या समाईक शब्दांतून ठेवणे व क्रियापदे प्रत्येक भाषेची स्वतंत्र घेणे ही रीत व्यवहार्य ठरते. कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयात फार्सीचे अध्यापन केलेल्या माधव जूलियन (माधवराव पटवर्धन) यांनी १९३८ साली भाषाशुद्धिविवेक या ग्रंथात परकीय शब्दांच्या प्रश्नाची चर्चा केली होती. भाषाशुद्धीचा तो वाद साहित्य व शासनव्यवहार यांपुरता होता. अनेकभाषी घरात समाईक परकीय शब्द हाच कधीकधी सर्वांना जोडणारा दुवा असतो, हे गृहयंत्रणेच्या निमित्ताने नव्याने दिसून येते.

घरातील अधिकार : गृहयंत्रणा बसविण्याचे काम बहुधा घरातील तरुण व्यक्ती करते. खाते तिच्या नावे असते, नावे तिच्या भाषेत असतात आणि बिघाड झाल्यास दुरुस्ती तिलाच येते. ती कामानिमित्त पुण्याला वा परदेशी गेल्यावर घरात उरलेल्या वृद्धांना दिवा लावण्यासाठी फोन करावा लागला, तर तिचे स्थान जुन्या कुलकर्ण्यासारखे होते. यात कोणाचाही दुष्ट हेतू नसतो. ज्याला दप्तराची भाषा येते त्याच्या हाती दप्तर जाते, एवढाच नियम येथे लागू होतो. घर सर्वांचे आणि घराची आज्ञा एकाची, अशी स्थिती त्यातून निर्माण होते.

संमतीच्या बाबतीत हा प्रश्न अधिक गंभीर आहे. बोलके उपकरण घरातील बोलणे टिपते व ते बहुतेक वेळा दूरच्या संगणकाकडे पाठविते. त्यासाठीची संमती यंत्रणा बसविणारा एकटाच पडद्यावर देतो. ज्यांचे बोलणे टिपले जाते त्यांना त्याची कल्पना असतेच असे नाही. भारताच्या डिजिटल व्यक्तिगत माहिती संरक्षण अधिनियम, २०२३ यात संमतीची सूचना इंग्रजीत अथवा संविधानाच्या आठव्या अनुसूचीतील कोणत्याही भाषेत पाहण्याचा पर्याय देण्याची तरतूद आहे. या अनुसूचीत २२ भाषा असून मराठी, कन्नड, उर्दू, तेलुगू व हिंदी या कोल्हापूर परिसरातील भाषा तीत येतात. ‘दिवा लाव’ हे वाक्य मराठीत समजणाऱ्या यंत्राने आपल्या अटीही मराठीत सांगाव्यात, ही अपेक्षा त्यामुळे केवळ सोयीची राहत नाही.

समालोचन : कोल्हापूर परिसराच्या इतिहासात एकाहून अधिक भाषांची व्यवस्था शिलालेखांपासून मोबाईलपर्यंत सतत करावी लागली आहे. ती व्यवस्था जेथे लोकांच्या बोलण्यापर्यंत पोहोचली तेथे मध्यस्थाची गरज कमी झाली. जेथे ती वरच्या थरातच राहिली तेथे नवा मध्यस्थ निर्माण झाला. बहुभाषिक गृहयंत्रणेची कसोटीही हीच आहे. किती भाषांची यादी तिच्यात आहे, यापेक्षा घरातील सर्वांत कमी शिकलेल्या व सर्वांत वृद्ध व्यक्तीला कोणालाही न विचारता दिवा लावता येतो की नाही, हे अधिक महत्त्वाचे ठरते. त्यासाठी नावे घरातील सर्वांनी मिळून ठेवणे, बोलीतील रूपे नोंदविणे, खात्याचा अधिकार एकाहून अधिक व्यक्तींकडे देणे आणि आंतरजाल खंडित झाल्यास उपयोगी पडावे म्हणून भिंतीवरील साधे बटण कायम ठेवणे या गोष्टी आवश्यक होत. त्यांपैकी शेवटची सर्वांत स्वस्त असून तिला कोणतीही भाषा लागत नाही.